खालून वर मोजलेली वाळू

४ मार्च

दांड्यावर वाळूत खोल ठोकून भरून काढलेली नळी आज प्रयोगशाळेत आली. चार मीटर लांब, दोन्ही टोकांना बूच, बाजूला जाड पेनाने 'वर' लिहून बाण काढलेला. चौघांनी उचलून टेबलावर ठेवली, उभी चिरली आणि दोन अर्धुकं उघडली. सगळ्यात खाली हातभर काळा गाळ, त्यात नखाएवढे शिंपले. म्हणजे तेव्हा समुद्रात घुसलेला हा वाळूचा दांडा नव्हताच, नुसतं संथ खारं पाणी होतं. त्यावर बारीक वाळू. मध्येच फुटक्या शिंपल्यांचा एक जाडाभरडा पट्टा. एखाद्या मोठ्या वादळात लाटा दांडा ओलांडून पलीकडे गेल्या असणार. त्याच्या वर पुन्हा एकसारखी वाळू आणि तिच्यात काळ्या कणांच्या रेघा. सव्वीस वर्षं हेच पाहतेय, तरी नळी उघडली की मला अजून बरं वाटतं.

नगरपालिकेचा प्रश्न एकच आहे: नदी दांड्याला अजून वाळू पुरवते का? पुरवत असेल तर वस्ती राहील. नसेल तर दांडा झिजत चाललाय, आणि अडतीस घरं तिथून उठवावी लागतील. त्यातलं एक घर माझ्या ताईचं. हे मी प्रमुखांना आधीच सांगून टाकलं. ते म्हणाले, "कण मोजताना नातं कुठे आडवं येतं? तुम्हीच मोजा, तीनशे."

'तीनशे' हे माझं इथलं नाव. प्रत्येक काचपट्टीवरचे तीनशे कण मोजते म्हणून.

डॉक्टरेट घेऊन नव्याने आलेल्या संशोधक बाईंना आम्ही डॉक्टरीणबाई म्हणतो. त्या म्हणाल्या, "काकू, नमुने चोवीस आहेत. चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवू या का?" एक तर मला काकू म्हटलेलं खपत नाही. त्यात ही शिकवणी. म्हटलं, "मी खालून वर मोजते. गाळ जसा साचला तशी."

त्यांनी वहीत तसं लिहून घेतलं.

११ मार्च

तयारीतच आठवडा गेला. वाळू वाळवा, चाळा, आम्लात टाकून शिंपल्यांचा चुरा विरघळवा, मग जड द्रवात सोडा. हलके कण तरंगतात, जड तळाशी बसतात. आपल्याला हवेत ते बसलेले. ते काचेवर चिकटवले की माझं राज्य सुरू.

काळे कण मोजणीत धरत नाही. बघायचे ते दोन. गार्नेट फिकट गुलाबी, तो डोंगरातून नदीनेच येतो. झिरकॉन बिनरंगी, तो जुन्या वाळूच्या टेकड्या झिजल्या की येतो. दोन्ही घासून गोल झालेले, त्यामुळे नवख्यांचा गोंधळ होतो. त्यांनी सूक्ष्मदर्शकात आडवी पट्टी सरकवायची असते. मग गार्नेट पार काळा पडतो आणि झिरकॉन रंगीबेरंगी चमकतो. मला पट्टी लागत नाही. रंग बघितला की कळतं.

सर्वांत खालचा पहिला नमुना: तीनशेत गार्नेट १२८, झिरकॉन ५४, बाकीचे इतर खनिजांचे.

२९ मार्च

सहावा झाला. गार्नेट १२१. दांडा तयार होत होता तेव्हा नदी भरभरून देत होती.

ताईला फोन केला. भाऊजी गेल्यापासून दर रविवारी करते. दर वेळी म्हणते, माझ्याकडे येऊन राहा, दोन खोल्या रिकाम्या आहेत. दर वेळी ती म्हणते, "माझं मशीन कुठे ठेवू, तुझ्या डोक्यावर?" ताई शिवणकाम करते. अर्ध्या वस्तीच्या अंगावर तिने शिवलेलं असतं. आज मी म्हटलं, दांड्याची वाळू माझ्याकडे आलीये, बघू काय म्हणते. तर हसून म्हणाली, "तिला माझा नमस्कार सांग."

१६ एप्रिल

सूक्ष्मदर्शकाचा दिवा मंद झालाय. भांडारातून नवा मागवला, तोही तसलाच निघाला. हल्ली काही धड मिळत नाही.

अकरावा नमुना: गार्नेट ९७. मी पुन्हा मोजला. ९५. काहीतरी आहे.

२ मे

पंधरावा. ७४. झिरकॉन तेवढाच वाढलाय. आज जेवताना सगळ्यांसमोर मी म्हणाले की नदी आखडतेय. प्रमुख चमचा खाली ठेवून ऐकत होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "इतका झिरकॉन? टेकड्या तर एवढ्याशाच आहेत." मी म्हटलं, टेकड्यांना विचारून या.

खरं सांगायचं तर मला आनंद झाला होता. नुसता शोध लागल्याचा नाही. डोक्यात लगेच आलं की ताईची खोली रस्त्याच्या बाजूची करावी, तिला उजेड लागतो. लाज वाटली. पण आलं ते आलं.

९ मे

ताईकडे जाऊन आले. दांड्यावर ऊन इतकं की डोळे उघडवेनात, सगळं दुधात बुडाल्यासारखं पांढरं. तिच्या दारातल्या सात पायऱ्यांपैकी आता चारच दिसतात. बाकीच्या वाळूत गेल्या. ती म्हणाली, "बघ, तुमची नदी आटली म्हणतेस आणि वाळू माझ्या घरात शिरतेय." मी समजावलं की ती वाऱ्याने उडून आलेली वाळू, तिच्यावर विसंबू नये. तिला पटलं की नाही कोण जाणे. शिवताना मान खाली घालून म्हणाली, "माझ्या लग्नात तू दहा वर्षांची होतीस. मांडवातून मला जाऊ देत नव्हतीस. अजून तशीच आहेस."

मी म्हटलं, वाळू मोजते मी, माणसं नाही.

परत येताना चुकीच्या बसमध्ये चढले. पाट्यांवरचे आकडे किती बारीक करून ठेवलेत.

२७ मे

एकविसावा. ३९.

डॉक्टरीणबाई माझ्यामागे उभ्या राहून म्हणाल्या, "काकू, एकदा पट्टी सरकवून बघता का?" तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, "तुमचा जन्म झाला नव्हता तेव्हापासून मी डोळ्यांत तेल घालून मोजतेय." हिशेबाने ते खरं नाही, त्या सत्तावीस-अठ्ठावीसच्या असतील. त्या म्हणाल्या, "तसं नाही म्हणायचं मला." आणि गेल्या. नंतर वाटलं, इतकं बोलायला नको होतं. पण माफी मागायला गेले नाही.

नवीन पेन फार बारीक लिहितं. अक्षर मोठं काढावं लागतंय.

८ जून

चोविसावा, सगळ्यात वरचा. गार्नेट २२.

१२८ वरून २२. आलेख काढला तर जिन्याने उतरत आल्यासारखा. प्रमुख म्हणाले, "इतका स्वच्छ आलेख मी आयुष्यात पाहिला नाही." मीही नाही. अहवालावर सही केली. आनंद जास्त होता की भीती, ते मला सांगता येणार नाही.

३० जून

आज दांड्यावर सभा झाली. नगरपालिकेच्या अभियंत्याने अहवाल वाचला. लोक ऐकायला तयार नव्हते. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "आमचा जन्म गेला इथे, आणि तुम्ही चिमूटभर वाळू बघून सांगता?" गलका झाला. अभियंत्याने घाम पुसत माझ्याकडे पाहिलं. मला चार माणसांत बोलता येत नाही.

तेवढ्यात ताई उठली. तिने मला आधी काही सांगितलं नव्हतं. म्हणाली, "ही मोजणी माझ्या धाकट्या बहिणीने केलीय. लहानपणी डाळ निवडायला बसली तर एक खडा राहायचा नाही. ती चुकत नाही. माझं घर मी पहिलं उतरवते. मग तुम्ही ठरवा."

मला रडू आलं. ताईने माझ्यावर इतका विश्वास कधी दाखवला होता, मला आठवत नाही.

१९ जुलै

ताई आली! मशीन, दोन ट्रंका आणि भाऊजींचा फोटो. घराचे पत्रे उतरले, दारं-खिडक्या निघाल्या, नुसतं जोतं उरलंय. तिच्यामागोमाग सव्वीस घरं उतरली, बाकीची महिनाअखेर. पत्रे काढताना ती तिथे थांबली नाही म्हणे, शेजारणीकडे जाऊन बसली.

मी तिच्यासाठी रस्त्याच्या बाजूची खोली करून ठेवली होती. तिने खिडकीतून पाहिलं आणि विचारलं, "इथे वारा कुठून येतो?" म्हटलं, पंखा आहे. ती हसली नाही.

सवय होईल.

२ ऑगस्ट

दोघी असलं की घर कसं भरल्यासारखं वाटतं. दोन पेल्यांचा चहा. मात्र ताई सारखी बोलत असते: मीठ दोनदा पडलंय, गॅस बारीक केला नाहीस, कपाटावर का आदळलीस. आता हिला दिवसभर दुसरं काम नाही. गिऱ्हाइकं सगळी पांगली. मशीनवर चादर टाकून ठेवलीय.

२१ ऑगस्ट

आज एक गंमत झाली. गंमत म्हणायची की काय कोण जाणे.

ताईने पुष्कळ दिवसांनी मशीन उघडलं. म्हणाली, "डब्यातलं पांढरं रीळ दे गं." दिलं. तिने हातात घेतलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, "पांढरं." मी दुसरं दिलं. मग तिसरं. ताईने तिन्ही रिळं मांडीवर ओळीने ठेवली आणि अगदी हळू विचारलं, "हे गुलाबी आहे. हेही गुलाबी आहे. तुला दिसत नाही?"

म्हटलं, इतका फिका रंग कशाला आणतेस.

"लहान मुलींच्या झबल्यांचा रंग आहे हा. आंधळ्यालासुद्धा..." आणि ती थांबली.

उद्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं म्हणते. तिच्या समाधानासाठी जाईन.

२२ ऑगस्ट

मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत, उजव्यात जास्त. उजव्यानेच मी सूक्ष्मदर्शकात पाहते. डॉक्टर म्हणाले, "पिवळ्या काचेतून बघताय तुम्ही. फिके रंग आधी जातात." कधीपासून, असं मी विचारलं. म्हणाले, "भराभर वाढलेला दिसतोय. दम्यासाठी स्टेरॉइडच्या गोळ्या घेता ना? त्यांनी सहा-सात महिन्यांत इतका होऊ शकतो."

ताई म्हणाली, "शस्त्रक्रिया सोपी असते, घाबरू नकोस." मी त्याला घाबरले नव्हते. मी बोटांवर महिने मोजत होते. ऑगस्ट, जुलै, जून, मे, एप्रिल, मार्च.



२३ ऑगस्ट

सकाळी कुणी यायच्या आत गेले. चोविसावी काचपट्टी लावली. पट्टी सरकवली.

कण काळे पडले. मी झिरकॉन म्हणून मोजलेले कण, एकामागून एक, विझल्यासारखे काळे पडत गेले. अंधार आणि उजेड तर मला अजून कळतो. तीनशे मोजले. गार्नेट १२४.

वाळू बदललेली नाही. नदी आखडलेली नाही. पहिला नमुना मार्चमध्ये मोजला, शेवटचा जूनमध्ये, आणि मधल्या काळात बदलले ते माझे डोळे. त्या स्वच्छ आलेखात दांड्याचा काही इतिहास नाही, माझा मोतीबिंदू आहे. चिठ्ठ्या टाकून मोजलं असतं तर आकडे वेडेवाकडे आले असते आणि कुणालाही शंका आली असती. मी खालून वर गेले.

डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा मी तिथेच बसले होते. त्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं, ऐकवतील. त्यांनी दार लावून घेतलं आणि म्हणाल्या, "काकू, तुम्ही उठा. मी मोजते. कुठली काचपट्टी कुठल्या थरातली ते मला सांगू नका." आज मला काकू म्हटलेलं टोचलं नाही.

२ सप्टेंबर

चोवीसच्या चोवीस झाल्या. खाली १२६, वर १२४, मधले सगळे त्याच्या आसपास. दांड्याला नदी आजही वाळू देते आहे.

प्रमुखांसमोर कागद ठेवले. बराच वेळ ते चष्मा पुसत होते. मग म्हणाले, "तीनशे, जरा शांतपणे विचार करा. घरं उतरलीत. लोकांना आत, पक्क्या जमिनीवर जागा मिळालीय. समुद्रापासून लांब गेल्याने कुणाचं वाईट झालंय? आता हे उकरून काढलं तर या प्रयोगशाळेवर पुन्हा कोण विश्वास ठेवेल?" मी म्हटलं, ठेवू नये. ते म्हणाले, "सोमवारपर्यंत वेळ घ्या. तुमची बहीण तुमच्याकडेच आहे ना? सुखात आहे ना?"

बाण बरोबर लागला. घरी आले तेव्हा ताई भाजी निवडत होती. माझी वाट बघत कुणीतरी घरात आहे, या गोष्टीसाठी मी एकटी राहून पंधरा वर्षं झुरलेय. गप्प राहिले तर हे असंच राहील. कुणाला कळणार नाही. डॉक्टरीणबाईंना कळलंय, पण मी म्हटलं तर त्याही गप्प बसतील असं वाटतं.

चहा प्यायलो. कागद पिशवीतच राहिले.

४ सप्टेंबर

आज सांगितलं. दोन दिवस मी जेवत नव्हते, तेव्हा ताईने ताट सरकवून विचारलं, "काय झालंय ते ओक एकदा." मी ओकले. गार्नेट, रिळं, महिने, प्रमुख, सगळं.

ती रागावेल, ओरडेल, असं वाटलं होतं. तिने विचारलं, "म्हणजे माझं घर पडणार नव्हतं?"

"नव्हतं."

"आणि मी सगळ्यांसमोर उभी राहिले."

"हो."

ताटातलं गार होत होतं. शेवटी म्हणाली, "डोळ्यांचं समजू शकते मी. डोळे कुणाचेही जातात. एकच सांग. दर वेळी आकडा कमी निघाला की तुला बरं वाटायचं का?"

मी म्हणाले, "छे! काहीतरीच काय?"

"बरं," ती म्हणाली आणि ताटं उचलली.

२ मेचं पान मी आत्ता काढून वाचलं. लिहिलेलं आहे तिथे. ताई माझी डायरी कधी उघडणार नाही, तिचा तो स्वभाव नाही. मी खोटं बोलले आणि तिला ते कळलं. झोपायच्या आधी तिने मशीन बांधून ठेवलं.

७ सप्टेंबर

प्रमुखांना सांगितलं की शुद्धिपत्र मी माझ्या सहीने पाठवते आहे, तुम्ही अडवू नका. अडवलं नाही. कपाटाच्या चाव्या मागितल्या तेवढ्या. दिल्या. डॉक्टरीणबाईंनी शुद्धिपत्र टाइप करून दिलं, कारण मला पडद्यावरचं दिसत नव्हतं.

१२ सप्टेंबर

दांड्यावर गेलो, मी आणि ताई. लोक आपापल्या जोत्यांवर बसले होते, कुणी उभे. अभियंता आला नाही. ताई म्हणाली, "मागच्या वेळी मी बोलले. आज तू." आणि बायकांमध्ये जाऊन बसली. माझ्यापासून लांब.

मी बोलले. कसं ते आठवत नाही. कण, रंग, मोतीबिंदू. वाळू येतेय, दांडा उभा आहे, तुम्हाला उठवायचं काही कारण नव्हतं, चूक माझी आहे. एक बाई म्हणाली, "मग आमची घरं?" मी म्हणाले, "नगरपालिकेला लेखी दिलंय, परत बांधून द्या म्हणून. देतील की नाही, मला माहीत नाही." ते म्हातारे गृहस्थ उठून निघून गेले. मला शिव्या देतील तर बरं, असं वाटत होतं. कुणी दिल्या नाहीत.

झालं होतं खरं तर. बसणार होते मी. पण ताई जमिनीकडे बघत होती, आणि मी म्हणाले, "अजून एक आहे. मोजताना आकडे कमी येत होते तेव्हा मला बरं वाटत होतं. माझी बहीण माझ्याकडे राहायला येईल म्हणून. पुन्हा तपासून बघ असं मला सांगितलं होतं. मी तपासलं नाही. तपासायचं नव्हतंच मला."

लोकांना त्याचं काय? ते एकेक करून उठायला लागले. ताई मात्र बसून राहिली. सगळे गेल्यावर माझ्याजवळ आली.

"घरी विचारलं तेव्हा का नाही म्हणालीस?"

"तू निघून जाशील असं वाटलं."

"आणि आता?"

"आताही वाटतंय."

"जाणारच आहे मी," ताई म्हणाली. "शेजारीण तिला मिळालेल्या नव्या जागेत मला राहायला देतेय. घर उभं राहीपर्यंत तिथेच." मग तिने माझा उजवा हात धरला आणि उजेड आहे तोवर मला बसपर्यंत आणून सोडलं, कारण वाळूतली वाट मला दिसत नव्हती.